ग्रेट व्हाइट शार्कच्या सहली: पैसे भरण्याआधी आमिषाविषयी विचारा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतल्या परदेश सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की बडोद्यात केपटाऊनचे नाव हमखास दिसते. टेबल माउंटन, पेंग्विन, द्राक्षांचे मळे आणि खाली ठळक अक्षरांत ‘पिंजऱ्यातून ग्रेट व्हाइट शार्क पाहा, दर्शनाची खात्री’. ही शेवटची ओळ आज खरी राहिलेली नाही. शिवाय त्या पिंजऱ्यात उतरणाऱ्याला जे ठाऊक असायला हवे, ते सहल विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे पत्र लांबले आहे. जागा असेल तर पूर्ण छापावे, ही विनंती.

दक्षिण आफ्रिकेने १९९१ साली ग्रेट व्हाइटला कायद्याने संरक्षण दिले. असे करणारा तो जगातला पहिला देश. पुढच्या काही वर्षांत केपटाऊनपासून गाडीने दोन-अडीच तासांवरचे गान्सबाय हे कोळ्यांचे गाव या शार्कमुळे जगाला माहीत झाले. बोटी शेजारच्या क्लाइनबाय बंदरातून सुटतात आणि डायर बेटाकडे जातात. बेटालगतच्या गायझर रॉक या खडकावर केप फर सीलची हजारोंची वस्ती आहे. बेट आणि खडक यांच्यामधल्या उथळ पट्टीला शार्क ॲली म्हणतात. हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत, सीलची वाढती पिल्ले पोहायला उतरतात आणि त्यांच्या मागावर ग्रेट व्हाइट येतो. २०१६ पर्यंत हे चित्र कायम होते.

२०१७ साली या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटची मृत शरीरे लागू लागली. त्यांतल्या बहुतेकांचे यकृत काढून घेतलेले होते, बाकी देह जवळजवळ तसाच. हे काम ऑर्का म्हणजे किलर व्हेलचे होते. तिथल्या संशोधकांनी दोन नर ओळखले. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कलंडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून त्यांची नावे पोर्ट आणि स्टारबोर्ड, म्हणजे नाविकांच्या भाषेत डावी आणि उजवी बाजू. शार्कचे यकृत तेलाने भरलेले आणि आकाराने प्रचंड असते, आणि ऑर्काला तेवढेच हवे असते. ऑर्का आले की माग काढण्यासाठी टॅग लावलेले ग्रेट व्हाइट तो भाग सोडून जातात आणि आठवडेच्या आठवडे परतत नाहीत, हे मोजमापांतून सिद्ध झाले आहे. २०२३ साली मोसेल बेजवळ एकट्या स्टारबोर्डने एक लहान ग्रेट व्हाइट दोन मिनिटांच्या आत मारल्याची नोंद आहे. फॉल्स बेमधले सील आयलंड हवेत झेपावणाऱ्या शार्कसाठी प्रसिद्ध होते, तिथेही ते जवळजवळ दिसेनासे झाले. सगळा दोष ऑर्कांचाच का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शार्कचे खाद्य असलेल्या छोट्या शार्कची मासेमारी आणि क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावरची शार्क-जाळी यांकडेही काही जण बोट दाखवतात.

सहलीला जाणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गान्सबायला आज पिंजऱ्यासमोर येतो तो मुख्यतः ब्राँझ व्हेलर. हा तांबूस रंगाचा, साधारण तीन मीटरपर्यंत वाढणारा, सडपातळ आणि अतिशय चपळ शार्क आहे. तो कमअस्सल नाही. एका वेळी चार-पाच येतात आणि पिंजऱ्याभोवती जी धावपळ करतात ती पाहण्यासारखी असते. पण जाहिरातीत फोटो ग्रेट व्हाइटचा आणि पाण्यात ब्राँझ व्हेलर, हा व्यवहार सरळ नव्हे. ‘दर्शनाची खात्री’ या शब्दांखाली बारीक अक्षरांत काय असते तेही पाहावे. अनेक ठिकाणी कुठल्याही जातीचा एक शार्क दिसला की खात्री पूर्ण झाली असे धरतात. आणि एकही दिसला नाही, तर पैसे परत मिळत नाहीत, पुन्हा एकदा फुकट येण्याचे कुपन मिळते. दुसऱ्या दिवशी मुंबईचे विमान धरणाऱ्याने ते कुपन घेऊन काय करायचे?

आता मूळ विषय. पिंजरा किती मजबूत, हा प्रश्न सगळे विचारतात. आमिषाचा दोर कोण धरतो, हा कोणी विचारत नाही, आणि माणसाची व शार्कची दोघांचीही सुरक्षितता त्या हातात असते.

पिंजऱ्याची कल्पना रूढ केली ती ऑस्ट्रेलियाच्या रॉडनी फॉक्स यांनी. डिसेंबर १९६३ मध्ये ॲडलेडजवळ भाल्याने मासेमारीच्या स्पर्धेत एका ग्रेट व्हाइटने त्यांना छातीला धरले, ते वाचले, आणि पुढे या प्राण्याला सुरक्षितपणे पाहता यावे म्हणून त्यांनी पाण्यात सोडायचे पिंजरे बनवायला घेतले. आजचा गान्सबायचा पिंजरा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी नळ्यांचा आणि जाळीचा असतो. लांबीला बोटीच्या कडेइतका, रुंदीला माणूस जेमतेम उभा राहील एवढा, पाच ते आठ जण एका रांगेत. वर तरंगते ड्रम किंवा फोमच्या नळ्या बांधलेल्या असल्याने त्याचे तोंड पाण्याच्या वर राहते. पुढच्या बाजूला डोळ्यांच्या पातळीवर आडवी मोकळी फट असते, तिच्यातून पाहायचे. आतल्या बाजूला, जाळीपासून हातभर आत, धरायला एक दांडी असते आणि खाली पाय अडकवायला दुसरी.

पिंजरा बोटीला पुढून आणि मागून असा दोन दोरांनी आवळून बांधलेला हवा, मध्ये रबरी टायर किंवा फेंडर हवेत. एक दोर सैल असला की प्रत्येक लाटेला पिंजरा बोटीवर आपटतो. उतरताना बोटीची कड आणि पिंजऱ्याची कड एकाच वेळी धरली तर बोटे चिरडतात, म्हणून हात नेहमी पिंजऱ्याच्याच दांडीवर ठेवायचा. आत गेल्यावर दुसरी चूक पाय करतात. वेटसूटचे, म्हणजे थंडीसाठी घातलेल्या पोशाखाचे, रबर तरंगते, पाय वर येतात आणि समोरच्या फटीतून बाहेर निघतात, आणि तोंड वर करून शार्क शोधणाऱ्याला ते कळतही नाही. पाय खालच्या दांडीखाली खुपसून ठेवणे हाच उपाय. फटीबाहेर हात काढून किंवा लांब काठीवर कॅमेरा लावून चित्रण करू देणारी बोट चांगली बोट नव्हे, असे बेलाशक समजावे.

शार्क येतो तो वासावर. बोट नांगर टाकून थांबते आणि मागून चम सोडत राहते. चम म्हणजे पेडवे-तारलीसारख्या तेलकट माशांचा चुरा, माशांचे तेल आणि समुद्राचे पाणी. प्रवाहाबरोबर पाण्यावर तेलाचा पट्टा लांबवर पसरतो आणि त्या वासाच्या वाटेने शार्क खालच्या अंगाने वर चढत येतो. इथे वाऱ्याचा आणि प्रवाहाचा मेळ फार महत्त्वाचा. दोन्ही एकाच दिशेने असतील तर बोट स्थिर राहते आणि पट्टा सरळ मागे जातो. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर बोट आपल्याच नांगराभोवती फिरत राहते, पट्टा तुटतो आणि आमिषाचा दोर पिंजऱ्याखाली जातो. अशा दिवशी अनुभवी स्किपर जागा बदलतो किंवा सरळ परत फिरतो. नवखा तिथेच थांबून जास्त चम ओततो. पट्ट्याचा उपयोग सलग असण्यात आहे, जाड असण्यात नाही, हे त्याला उमगलेले नसते.

शार्क बोटीजवळ आला की त्याला जवळ ठेवण्यासाठी दोराला बांधलेले ट्यूनाचे डोके पाण्यात टाकतात. सोबत गालिच्याच्या किंवा रबराच्या तुकड्यातून सीलच्या आकाराचा कापलेला डेकॉय, म्हणजे नकली भक्ष्य, असतो. आमिषाजवळ एक छोटा तरंगा हवा, म्हणजे डेकवरच्या माणसाला ते नेमके कुठे आहे ते दिसते. दोर सुताचा किंवा काथ्याचा हवा, नायलॉन किंवा तार नको, गळ तर मुळीच नको. शार्कने तो गिळला तर काथ्या पोटात कुजतो, नायलॉन कुजत नाही.

आता नेमकी कसोटी. आमिष पिंजऱ्यापासून काही मीटर लांब टाकायचे, शार्कने वेग घेतला की ते पिंजऱ्याला समांतर ओढायचे, आणि तो पोहोचण्याआधी पाण्याबाहेर उचलायचे. पिंजऱ्याच्या दिशेने कधीही ओढायचे नाही. कारण साधे आहे. ग्रेट व्हाइटला पापणीसारखा संरक्षक पडदा नसतो. चावा घेताना तो डोळे मागे फिरवून घेतो आणि शेवटच्या क्षणी त्याला दिसत नसते. त्या क्षणी तो मुस्कटावरच्या सूक्ष्म विद्युत्संवेदी छिद्रांवर चालतो, ज्यांना लोरेंझिनीच्या कुप्या म्हणतात. खाऱ्या पाण्यातल्या धातूभोवती दुर्बळ विद्युत्क्षेत्र तयार होते, म्हणून आमिष चुकलेला जबडा पिंजऱ्याच्या दांड्यावर बसतो. प्रेक्षक त्याला ‘हल्ला’ म्हणतात. तो दोर धरणाऱ्याचा उशीर असतो.

याहून वाईट म्हणजे शार्कला मागे पोहता येत नाही. पिंजऱ्यावर धडकलेला चार मीटरचा प्राणी फटीत डोके घुसवून बसला तर तो फक्त पुढेच जोर लावू शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ असेच झाले. आमिषावर झेपावलेला शार्क पिंजऱ्यात घुसला आणि वरच्या झाकणातून बाहेर पडला. आतला पाणबुड्या सुखरूप निघाला, हा दैवाचा भाग. त्याच बेटावर २०१९ मध्ये दांड्यांत अडकलेला एक शार्क धडपडून रक्तबंबाळ झाला. ग्रेट व्हाइटला श्वासासाठी सतत पुढे सरकत राहावे लागते, तोंडातून शिरलेले पाणी कल्ल्यांवरून वाहते तेव्हाच त्याला प्राणवायू मिळतो. अडकलेला शार्क जखमांनी मेला नाही तरी गुदमरून मरू शकतो. अखेर जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने ग्वादालुपेला शार्क पाहण्याचे सगळे पर्यटन कायमचे बंद केले. तीस मीटरपर्यंत दिसणारे निळे पाणी, बोटींचा धंदा, सारे गेले. अजूनही काही संकेतस्थळांवर ग्वादालुपेच्या सहली झळकतात. त्यांना पैसे पाठवू नयेत.

आमिषाने शार्क माणसाची सवय लावून घेतात का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांवर ध्वनी-टॅग लावून केलेल्या अभ्यासांत बोटींचे दिवस वाढले तसे शार्क बेटांपाशी जास्त काळ रेंगाळू लागल्याचे दिसले, आणि सरकारने परवाने व दिवस यांवर मर्यादा घातली. म्हणजे वागणुकीत बदल होतो, एवढे नक्की. त्यातून पोहणाऱ्यांवरचे हल्ले वाढतात असे मात्र कोणी दाखवून दिलेले नाही. न्यूझीलंडमध्ये स्टुअर्ट बेटाच्या, पावा नावाच्या सागरी गोगलगायी गोळा करणाऱ्या पाणबुड्यांनी याच भीतीपोटी न्यायालय गाठले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने पिंजऱ्याच्या सहली वन्यजीव कायद्याविरुद्ध ठरवल्या, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. बडोदेकरांना हा वाद परका वाटू नये. विश्वामित्रीत मगरी राहतात आणि शहर त्यांच्याशेजारी राहते. काठावर उभे राहून मगरीला मांसाचे तुकडे दाखवत रोज वीस माणसांना तमाशा दाखवावा, असे इथे कोणी सुचवले तर त्याला काय उत्तर मिळेल ते वाचकच जाणतात.

तरीही शार्क पाहायला जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. नीट चालवलेल्या बोटीवर संशोधक असतात, परांचे फोटो काढून प्रत्येक शार्कची ओळख पटवतात आणि त्या नोंदी वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. शार्कचे मोल जिवंतपणी जास्त आहे, हे मच्छीमार गावांना पटले ते याच धंद्यामुळे. म्हणून जाणाऱ्याने तयारीने जावे.

शाकाहारी घरांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बोटीवर सडक्या माशांचा आणि तेलाचा वास तीन-चार तास नाकात असतो, डेकवर माशांची मुंडकी कापली जातात, पिंजऱ्यात तुम्ही त्याच पाण्यात उभे असता आणि थोडे तोंडातही जाते. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी वरच्या डेकवरून पाहावे. स्वच्छ दिवशी वरूनही शार्क छान दिसतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात आमिषाऐवजी पाण्याखाली मोठ्याने संगीत वाजवून शार्क बोलावण्याचा मार्गही वापरला गेला आहे, त्याची चौकशी करता येईल.

शार्कपेक्षा कितीतरी जास्त लोकांची सहल बिघडते ती बोट लागल्याने. नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा वाईट डोलते, त्यात माशांच्या चुऱ्याचा वास. ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ती निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा बोटीत चढण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. तिने गुंगी येते, म्हणून रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी जाऊ नये, तेलकट खाऊनही जाऊ नये. खाकरा, बिस्किटे, केळे पुरे. डेकवर मध्यभागी, मागच्या बाजूला बसावे, क्षितिजाकडे पाहावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये. मळमळत असताना पिंजऱ्यात उतरलेला माणूस मुखवट्याच्या आत उलटी करतो आणि घाबरून पाणी पितो. अशाने उतरू नये, भाडे गेले तरी चालेल.

पाणी थंड असते. गान्सबायला ते बहुधा १२ ते १६ अंश सेल्सिअस. आपल्या महापालिकेच्या तरणतलावात पोहणाऱ्याला त्याची कल्पना येणार नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप धापा टाकू लागतो, छाती आवळल्यासारखी वाटते. ही थंडीची प्रतिक्रिया आहे, भीती नव्हे. दांडी धरून, डोके पाण्याबाहेर ठेवून मिनिटभर थांबले की ती ओसरते, तोवर चेहरा पाण्यात घालू नये. हृदयविकार, दमा किंवा अपस्मार असणाऱ्यांनी या मिनिटाचा गंभीर विचार करावा. बोटीवर पाच ते सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, टोपी आणि रबरी मोजे देतात. वेटसूट अंगाला घट्ट हवा. सैल सूटमध्ये प्रत्येक लाटेला आतले कोमट पाणी निघून जाते आणि थंड पाणी शिरते, मग जाडीचा काही उपयोग राहत नाही. मानेशी आणि मनगटाशी दोन बोटे सहज जात असतील तर लहान मापाचा सूट मागावा. मागायला संकोच वाटतो, पण अर्ध्या तासाने होणारी हुडहुडी त्या संकोचापेक्षा वाईट.

तरंगू नये म्हणून शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. स्कूबासाठी लागते त्याहून हे वजन मुद्दाम जास्त असते, कारण इथे पोहायचे नसते, खाली उभे राहायचे असते. म्हणूनच पट्ट्याचे बक्कल एका हाताने झटकन सुटते ना, ते बोटीवरच करून पाहावे, आणि पट्टा लावून पिंजऱ्याबाहेर एक पाऊलही टाकू नये. पोहता येत नसेल तरी गान्सबायच्या पिंजऱ्यात उतरता येते, डोके पाण्याबाहेरच असते. ‘डाउन’ अशी आरोळी आली की श्वास रोखून, दांडीच्या आधाराने स्वतःला खाली ओढायचे, दहा-पंधरा सेकंद पाहायचे आणि वर यायचे. आरोळीसोबत ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ येते, ती ऐकायची सवय करावी. चुकीच्या बाजूला पाहत श्वास संपवणारे बरेच असतात. पाण्याखाली वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या आणि एक-चतुर्थांश जवळ दिसतात, त्यामुळे तीन मीटरचा शार्क चारचा वाटतो. हे माहीत असले की घाबरगुंडी थोडी कमी होते.

मुखवट्याबद्दल थोडे. मिशी असेल तर नाकाखालून पाणी शिरतेच. मिशीच्या वरच्या कडेला व्हॅसलिनचा हलका हात फिरवावा. केसांची एक बट जरी रबराखाली राहिली तरी गळती होते, म्हणून टोपी आधी, मुखवटा नंतर, आणि कपाळावरचे केस बोटाने मागे सारावे. चष्मेवाल्यांना दिवसापुरत्या कॉन्टॅक्ट लेन्स सोयीच्या. मुखवट्यात पाणी शिरल्यास डोळे घट्ट मिटायची तयारी ठेवावी आणि बाहेर आल्यावर त्या फेकून द्याव्यात. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून धुतात, हा जगभरचा जुना उपाय आजही चालतो. छोटा कॅमेरा मनगटाला दोरीने बांधलेला असावा आणि फ्लॅश बंद. गढूळ पाण्यात फ्लॅशने शार्क दिसत नाही, तरंगणारे कण तेवढे पांढरे चमकतात.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट निराळी. पोर्ट लिंकनहून नेपच्यून बेटांना जाणाऱ्या बोटींवर पिंजऱ्यात डेकवरच्या कंप्रेसरमधून नळीने हवा मिळते. त्यामुळे वर-खाली करावे लागत नाही, सलग पाहता येते, आणि पृष्ठभागाजवळच्या पिंजऱ्यासाठी डायव्हिंगचा परवानाही लागत नाही. पण दाबाखालची हवा श्वासात घेतल्यावर एक नियम अपरिहार्य होतो: श्वास कधीही रोखायचा नाही. अवघ्या दोन मीटर खोलीवर छाती भरून हवा घेतली आणि ती रोखून वर आलात, तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. शार्क समोर आला की माणूस नेमके हेच करतो, श्वास धरतो आणि उडी मारतो. म्हणून उतरण्याआधी डेकवर नळी तोंडात धरून सलग पाच मिनिटे सावकाश श्वास घ्यायचा सराव करून घ्यावा, आणि तसा सराव घेऊ न देणाऱ्या बोटीला नकार द्यावा. समुद्रतळापर्यंत जाणारा पिंजराही तिथे असतो, त्याला प्रमाणपत्र लागते. तो केल्यास विमानात बसण्याआधी किमान बारा तास, आणि लागोपाठ दिवस डायव्हिंग केले असेल तर अठरा तास जाऊ द्यावेत. पोर्ट लिंकनहून संध्याकाळचे छोटे विमान पकडण्याची घाई करणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे.

जीव जाण्याचा खरा धोका पिंजऱ्यात नसतो, लाटांत असतो. एप्रिल २००८ मध्ये गान्सबायजवळ नांगरलेली कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, एका मोठ्या लाटेने उलटली आणि तीन पर्यटक दगावले. तिथे शार्कचा काही संबंध नव्हता. बेट आणि खडक यांच्यामधल्या उथळ पाण्यात दुरून आलेला फुगारा अचानक उभा राहतो. म्हणून बोटीवर चढल्यावर जीवरक्षक जॅकेट कुठे आहेत ते पाहावे, मुलांच्या मापाची आहेत का ते विचारावे, आणि स्किपरने हवामानामुळे सहल रद्द केली तर त्याच्याशी भांडू नये. दिवाळीच्या दिवसांत केपमध्ये वसंत असतो, आग्नेयेचा वारा जोर धरू लागतो, पाणी हिरवे आणि गढूळ होते, रद्द होण्याचे दिवस वाढतात. ज्यांना खरोखर शार्कच पाहायचा आहे त्यांनी मे ते ऑगस्टमध्ये जावे आणि गान्सबाय किंवा मोसेल बेला किमान तीन मोकळे दिवस ठेवावेत. एका दिवसाच्या केपटाऊन सहलीत ते कोंबू नये.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. ओखामंडळ एके काळी बडोदे संस्थानात होते, आणि सरकारच्या सांगण्यावरून जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या सागरी जीवसृष्टीचा केलेला अभ्यास १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळ या भागात, जगातला सर्वांत मोठा मासा असलेला व्हेल शार्क येतो. तो गाळून खाणारा, माणसाला निरुपद्रवी. तेलासाठी आणि मांसासाठी त्याची शिकार होत असे. २००१ साली तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला आणि २००४ पासून ‘वहाली’ या नावाने मोहीम चालली. घरी आलेल्या लेकीसारखा तो समजला गेला आणि मच्छीमारांनी आपली महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क मोकळे सोडले. पुढेमागे तिथे पर्यटनाच्या बोटी आल्याच, तर त्यांनी फिलिपीन्समधल्या ओस्लोबचा कित्ता गिरवू नये. तिथे कोळंबी भरवून व्हेल शार्क रोज एकाच जागी थांबवून ठेवले जातात आणि बोटींना घासून त्यांच्या अंगावर जखमा दिसतात. वेरावळला तो पाहायचा तर इंजिन बंद ठेवून, पाण्यात काहीही न टाकता पाहावा, आणि ही अट पहिल्या परवान्यातच असावी.

शेवटी संपादकांकडे एक मागणे. शार्कच्या सहलीची जाहिरात स्वीकारताना तिच्यात एवढे छापलेले असावे: त्या बोटीला गेल्या मोसमात प्रत्यक्ष कोणत्या जातीचे शार्क दिसले, बोटचालकाच्या सरकारी परवान्याचा क्रमांक, आणि एकही शार्क दिसला नाही किंवा हवामानाने सहल रद्द झाली तर रोख परतावा मिळणार की कुपन. पैसे भरणाऱ्यांनीही हेच तीन प्रश्न लेखी विचारावेत, सोबत आमिषाचा दोर कशाचा असतो आणि तो कोण हाताळतो हेही. उत्तर दोन दिवसांत आले नाही तर दुसरी बोट पाहावी.

कळावे,
आपला विश्वासू,
डायव्हिंग शिकवणारा एक वाचक
कारेलीबाग, बडोदे